सेवा क्लबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी: सभेच्या घंटेपासून वस्तीतल्या शिबिरापर्यंत

सोलापुरातील सेवा क्लबमध्ये नवे सभासद बहुधा जुलैच्या सुमारास येतात, कारण रोटरी आणि लायन्स या दोन्ही संघटनांचे वर्ष १ जुलैला सुरू होते, आणि पदग्रहण समारंभात नव्या अध्यक्षांच्या गळ्यात पदाची कॉलर पडते तेव्हाच नव्या सभासदांच्या कोटालाही पिन लावली जाते. समारंभाचे जेवण होते, फोटो निघतात, आणि पुढच्या आठवड्यात सभेचा निरोप मोबाइलवर आला की अनेकांना प्रश्न पडतो की तिथे जाऊन नेमके करायचे काय. मी काही वर्षे अशा एका क्लबचा सभासद आहे आणि सचिवपदाचे एक वर्षही काढले आहे. नव्यांनी मला विचारलेले, आणि मी नवा असताना विचारायला लाजलेले, असे दोन्ही प्रकारचे प्रश्न समोर ठेवून पुढील टप्पे लिहीत आहे.

प्रवेशापूर्वी

अशा क्लबमध्ये सहसा एखाद्या सभासदाच्या शिफारशीने प्रवेश मिळतो. शिफारस मिळाली म्हणून लगेच अर्ज भरू नये. आधी पाहुणा म्हणून दोन-तीन सभांना बसावे, आणि जमल्यास दोन वेगवेगळ्या क्लबच्या सभा पाहाव्यात, कारण एकाच शहरात, एकाच संघटनेच्या दोन क्लबांचा स्वभाव अगदी निराळा असू शकतो. सभेची वेळ आपल्या व्यवसायाला झेपेल का, हेही पाहावे. नवी पेठेत दुकान असलेल्या माणसाला संध्याकाळी साडेसातची सभा म्हणजे ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी गल्ला सोडून उठणे असते. तो पहिले दोन महिने उत्साहाने येतो आणि दिवाळीनंतर दिसेनासा होतो. यात त्याचा दोष नसतो, वेळेचाच मेळ बसलेला नसतो.

दुसरी चौकशी पैशांची. ती खजिनदारांकडे, स्पष्ट शब्दांत आणि संकोच न करता करावी. क्लबची वार्षिक वर्गणी किती, त्यातील आंतरराष्ट्रीय संघटनेला आणि डिस्ट्रिक्टला, म्हणजे अनेक क्लबांच्या विभागाला, जाणारा हिस्सा किती, सभेनंतरच्या जेवणाचा खर्च वर्गणीत धरला आहे की वेगळा, आणि प्रकल्पांसाठी मागितली जाणारी रक्कम खरोखर ऐच्छिक आहे का, या चार गोष्टी कळल्या की पुढची कटुता टळते.

संघटनेचा थोडा इतिहास ठाऊक असला की सभेतील काही रिवाज आपोआप उलगडतात. पॉल हॅरिस या वकिलाने तीन परिचितांसह २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात पहिली बैठक घेतली. चौघांचे व्यवसाय वेगळे होते आणि पुढच्या बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत होऊ लागल्या. त्या फिरतीवरून ‘रोटरी’ हे नाव पडले. आजही नवा सभासद उभा राहून नावापाठोपाठ आपला व्यवसाय सांगतो, त्याचे मूळ तिथे आहे. लायन्सची स्थापना मेल्विन जोन्स यांनी १९१७ मध्ये, तीही शिकागोतच केली. रोटरीच्या नियमांनी स्त्रियांना सभासदत्व खुले केले ते १९८९ मध्ये. हे सांगण्याचे कारण असे की काही जुन्या क्लबमध्ये सभासदांच्या पत्नी कार्यक्रमाच्या पाहुण्या असल्यासारख्या वेगळ्या बसतात, आणि नव्याने आलेल्या एखाद्या महिला सभासदालाही नकळत तिकडचीच खुर्ची दाखवली जाते. तिने ती घेऊ नये.

साप्ताहिक सभा

सभेला दहा मिनिटे आधी पोहोचावे. दाराशी टेबलावर हजेरीची वही आणि नावाचे बिल्ले असतात. सही करून बिल्ला लावावा. त्या टेबलामागे बसलेल्या व्यक्तीला रोटरीत सार्जंट-ॲट-आर्म्स म्हणतात. पद भारदस्त वाटले तरी काम घरच्या कार्यातल्या कर्त्या माणसाचे असते: खुर्च्या, माइक, पाहुण्यांची बसण्याची सोय आणि उशिरा येणाऱ्यांकडून गमतीचा दंड. लायन्समध्ये ही दंडवसुली टेल ट्विस्टर नावाचा पदाधिकारी करतो. मोबाइल वाजला, बिल्ला विसरला, बायकोचा वाढदिवस कळवला नाही, अशा कारणांवर दहा-वीस रुपये डब्यात पडतात. या दंडावर वाद घालणारा नवा सभासद मी एकदाच पाहिला आहे. त्याचा मुद्दा नियमाला धरून होता, तरी सगळे सभागृह गप्प झाले.

अध्यक्षांनी घंटा वाजवली की सभा सुरू झाली असे मानले जाते. राष्ट्रगीत किंवा प्रार्थना, पाहुण्यांची ओळख, वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस, सचिवांची निवेदने, वक्त्यांचा परिचय, वीस-पंचवीस मिनिटांचे व्याख्यान, प्रश्नोत्तरे, आभार आणि पुन्हा घंटा असा साधारण क्रम असतो. रोटरीत कधी कधी चार कसोट्याही म्हटल्या जातात: हे सत्य आहे का, सर्वांना न्याय देणारे आहे का, सद्भावना आणि मैत्री वाढवणारे आहे का, सर्वांच्या हिताचे आहे का. हर्बर्ट टेलर यांनी त्या १९३२ मध्ये आपल्या अडचणीत आलेल्या कंपनीसाठी लिहिल्या होत्या. व्यापारी गावात त्या अजून पटतात, याचे कारण बहुधा हेच असावे.

या क्रमात नव्या सभासदाने कान टवकारून ऐकावे असे भाग दोनच आहेत, आणि दुर्दैवाने त्याच वेळी मागच्या रांगांत गप्पा रंगलेल्या असतात. पहिला भाग म्हणजे सचिवांची निवेदने. पुढचा उपक्रम कोणता, जबाबदारी कोणाकडे आणि तारीख कोणती, हे त्या तीन मिनिटांत सांगितले जाते. दुसरा भाग म्हणजे मागील उपक्रमाचा अहवाल. “शिबिर यशस्वी झाले, दोनशे जणांनी लाभ घेतला,” एवढ्यावर अहवाल संपला तर त्या दोनशेंपैकी पुढच्या उपचाराची गरज किती जणांना होती, हे विचारण्याचा अधिकार नव्या सभासदालाही आहे. माझ्या मते साप्ताहिक सभेचे खरे प्रयोजन हा प्रश्नच आहे. फोटो काढून झाल्यावर जे काम उरते त्याचा हिशेब मागायला आठवड्यातून एकदा ठरावीक जागा असावी, म्हणून ही घंटा आणि ही वही.

एखादी सभा चुकलीच तर दुसऱ्या क्लबच्या सभेला जाऊन हजेरी भरून काढण्याची, म्हणजे ‘मेकअप’ची, जुनी सोय आहे. पूर्वी त्याला मागेपुढे चौदा दिवसांची मर्यादा असे. २०१६ पासून रोटरीने सभांच्या बाबतीत क्लबना बरीच मोकळीक दिली असून महिन्यातून किमान दोन सभा घेतल्या तरी चालते. तरीही पहिल्या वर्षी बाहेरगावी गेल्यावर एखाद्या परक्या क्लबमध्ये जरूर बसावे. दुसऱ्यांचा अहवाल ऐकला की आपल्या अहवालातली भोके दिसतात.

नव्या सभासदाला पहिले काम बहुधा वक्त्याच्या परिचयाचे मिळते. ते सोपे नाही. माझ्यावर ते आले तेव्हा मी जुन्या कार्यक्रमपत्रिकेतून माहिती उतरवून काढली आणि वक्त्यांना ज्या पदावरून निवृत्त होऊन वर्ष झाले होते, त्याच पदावर त्यांना सात मिनिटे बसवून ठेवले. पहिल्या रांगेतून त्यांच्या पत्नी हाताने ‘नाही, नाही’ करीत होत्या. मला वाटले, त्या विनयाने स्तुती नाकारत आहेत. तेव्हापासून मी नव्यांना सांगतो की आदल्या दिवशी वक्त्यांना फोन करून मजकूर वाचून दाखवावा आणि परिचय दोन मिनिटांत संपवावा.

पहिला उपक्रम: रक्तदान शिबिर

सभेत दोन-तीन महिने रुळल्यावर मोठ्या प्रकल्पाचे प्रमुखपद मागू नये, चालू उपक्रमातील एक लहान जागा मागावी. रक्तदान शिबिर त्यासाठी उत्तम, कारण तिथे प्रत्येक जागेचे काम आखलेले असते. महाविद्यालयांना सुट्ट्या लागल्या की रक्तदाते कमी होतात आणि रक्ताची चणचण भासते, म्हणून सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हातच शिबिराची गरज अधिक असते. संपूर्ण रक्त सर्वसाधारण पिशवीत सुमारे ३५ दिवसच टिकते. त्यामुळे हिवाळ्यात विक्रमी संकलन करून उन्हाळ्याची सोय होत नाही. आकड्यांच्या मोहाने एकाच दिवशी चारशे पिशव्या गोळा करण्यापेक्षा दर तिमाहीला शंभर पिशव्या देणारा क्लब रक्तपेढीच्या अधिक उपयोगी पडतो.

नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्याला पुढील गोष्टी पाठ असाव्यात. दात्याचे वय १८ ते ६५ वर्षे असावे, मात्र प्रथमच देणारा ६० वर्षांपर्यंतचा असावा. वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम लागते. दोन रक्तदानांमध्ये पुरुषांसाठी ९० दिवस आणि स्त्रियांसाठी १२० दिवसांचे अंतर हवे. उपाशीपोटी आलेल्याला आधी खाऊ घालावे. उन्हाळ्यात सकाळी सात ते अकरा हीच वेळ धरावी आणि रक्त देऊन झालेल्याला पंधरा मिनिटे बसवूनच ठेवावे. चक्कर येऊन पडणारे बहुधा “मला काही होत नाही” म्हणत लगेच उठलेले असतात.

या शिबिरात कोणाच्या लक्षात न येणारी एक रांग असते. हिमोग्लोबिन कमी निघाल्यामुळे परत पाठवलेल्यांची ती रांग, आणि तिच्यात स्त्रिया अधिक असतात. त्यांना ‘तुमचे चालत नाही’ एवढेच सांगून सोडले जाते. नव्या सभासदाने हीच जागा मागून घ्यावी. त्यांची नावे, फोन क्रमांक आणि आकडे लिहून घ्यावेत, डॉक्टरांशी दोन मिनिटे बोलणे करून द्यावे आणि तीन महिन्यांनी फेरतपासणीला बोलवावे. दिलेल्या पिशव्यांची संख्या सगळेच क्लब सांगतात. परत गेलेल्यांपैकी किती जणींचा आकडा सुधारला, हे सांगू शकणारा क्लब मला क्वचितच भेटला आहे.

नेत्रशिबिर आणि पूर्व भाग

हेलन केलर यांनी १९२५ मध्ये लायन्सच्या अधिवेशनात अंधत्वाविरुद्धच्या लढ्याची हाक दिली, तेव्हापासून नेत्रसेवा ही त्या संघटनेची ओळख बनली. पण आता कोणत्याही सेवा क्लबच्या वर्षात एखादे नेत्रशिबिर असतेच. मोतीबिंदू निघालेल्यांची यादी शिबिरात होते आणि शस्त्रक्रिया रुग्णालयातच होते. या दोन्हींच्या मध्ये साखर आणि रक्तदाबाची तपासणी, जाण्यायेण्याची गाडी, सोबत राहणारे माणूस, नंतर थेंब घालण्याचे वेळापत्रक आणि फेरतपासणी असते. यादीतील माणसे गळतात ती इथेच. दर पाच रुग्णांमागे एक सभासद नेमून दिला, तर गळती लक्षणीय कमी होते.

सोलापुरात शिबिराची जागा आणि वेळ ठरवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. पूर्व भागात तेलुगू बोलणारी पद्मशाली वस्ती मोठी आहे, यंत्रमागावर पाळ्या चालतात आणि अनेक घरांतील स्त्रिया विड्या वळतात. आम्ही एकदा तिथे सकाळी दहाला शिबिर लावले आणि दुपारपर्यंत मोजकीच माणसे आली, कारण विड्या नेऊन जमा करण्याची बायकांची वेळ तीच होती. ही गोष्ट गल्लीतल्या कोणीही सांगितली असती, पण आम्ही विचारलेच नव्हते. पुढच्या वेळी दुपारी तीनची वेळ ठेवली, पुकारा मराठीबरोबर तेलुगूतही केला, आणि मंडपाबाहेर रांग लागली.

त्या दुपारचा एक प्रसंग सांगतो. चाळिशी उलटल्यावर जवळचे दिसणे कमी होणे स्वाभाविक असते, आणि विडीच्या तोंडाला दोरा बांधणाऱ्या हातांना ते आधी जाणवते. पन्नाशीच्या एका बाईंना तपासनिसांनी जवळचा चष्मा लावून अक्षरांचा तक्ता पुढे धरला. त्यांनी तो बाजूला सारला, कमरेच्या पिशवीतून एक पान आणि दोरा काढला, विडी वळून बांधली, डोळ्यांजवळ आणून उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, “हा नको, दुसरा द्या, यात दोरा दोन-दोन दिसतोय.” दुसरा नंबर लावला, पुन्हा एक विडी वळली आणि चष्मा घेऊन त्या गेल्या. विडीमुळे आरोग्याचे काय होते हा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे. तरी त्या दिवसापासून आम्ही तक्त्याशेजारी सुई-दोरा, तांदळाचे ताट आणि एक छापील बिल ठेवतो; ज्याला जे काम करायचे असते, त्याने त्यावरच नंबर पारखून घ्यावा.

वस्तीतील नागरी कामे

नागरी कामांत सोलापूरचा पहिला विषय पाणी. नळाला पाणी काही दिवसांआड येते, म्हणून घरोघर पिंप, हौद आणि टाक्या भरून ठेवलेल्या असतात, आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास नेमक्या अशाच स्वच्छ साठवणीत वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून कोरडी ठेवण्याचा सल्ला दिला जातो. तो बरोबर आहे, पण आदल्याच दिवशी भरलेले पिंप ओतून द्या असे ज्या बाईला सांगाल, ती तुम्हाला दारातूनच परत पाठवेल, आणि तिचे बरोबरच असेल. त्यामुळे मोहीम त्या भागातील पाण्याच्या पाळीशी जुळवावी. पाणी यायच्या आधी पिंप तळाला गेलेले असते. त्या वेळी आतून घासायला सांगावे. घासणे महत्त्वाचे, कारण अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी बरेच महिने तग धरतात. झाकण नसलेल्या पिंपाला जुन्या सुती लुगड्याचा फडका ताणून बांधावा. मोठ्या हौदासाठी महापालिकेच्या हिवताप विभागाकडे डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे मागावेत. क्लबचे बॅनर घेऊन फेरी काढण्याची यात मुळीच गरज नसते; दोघांनी मिळून वीस घरे वाटून घेतली तरी पुरते.

महापालिकेशी संबंधित कोणतेही काम करायचे असल्यास लेखी अर्ज द्यावा, त्याच्या दुय्यम प्रतीवर तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी आणि ती फाइलला लावावी. “साहेबांशी बोलणे झाले आहे” या वाक्यावर विसंबून एकही रुपया खर्च करू नये, कारण साहेबांची बदली होते आणि बोलण्याला आवक क्रमांक नसतो. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र द्यावे. तरीही उत्तर आले नाही, तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज करून त्या पत्राचे काय झाले हे विचारता येते, आणि त्याला ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. हा मार्ग भांडणाचा नाही, फक्त तो शेवटी वापरावा.

घाई केली की काय होते हे मी जवळून पाहिले आहे. आमच्या क्लबने एका वर्षी हौसेने एका चौकात रंगीत कचरापेट्या बसवल्या, त्यांवर क्लबचे नाव रंगवले, उद्घाटन केले. घंटागाडीच्या मार्गात तो चौक आहे का, पेट्या रिकाम्या कोण करणार, हे कोणालाच विचारले नव्हते. महिनाभरात त्या भरून वाहू लागल्या आणि त्या ढिगावर आमचे नाव ठळक अक्षरांत वाचता येत होते. शेवटी आम्हीच रिक्षा-टेम्पो आणून त्या उचलून नेल्या.

वृक्षारोपणाविषयी थोडक्यात. सोलापूर पर्जन्यछायेत असल्याने जूनची एखादी सर पडून गेल्यावर लांबलचक उघडीप असते आणि खरा पाऊस बहुधा सप्टेंबरमध्ये येतो. म्हणून टँकरची सोय आणि पुढच्या मेपर्यंत पाणी घालणारे माणूस ठरल्याशिवाय रोपे आणू नयेत. कडुनिंब, करंज, वड आणि पिंपळ ही झाडे इथला उन्हाळा सोसतात. खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल असावा, आणि वर वीजतारा नसाव्यात. शंभरऐवजी दहाच रोपे लावली तर अध्यक्ष थोडे खट्टू होतात, पण तेवढे चालते.

जानेवारीत ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत बहुतेक क्लब पाण्याची किंवा प्रथमोपचाराची सोय करतात. त्यासाठी मंदिर समिती, पोलीस आणि महापालिका यांच्याकडे डिसेंबरच्या सुरुवातीलाच पत्रे द्यावीत, मिरवणुकीतल्या उंच नंदीध्वजांच्या मार्गावर टेबल पुढे येणार नाही याची काळजी घ्यावी आणि प्लास्टिकच्या पेल्यांऐवजी रांजण व स्टीलचे पेले ठेवावेत. चुकलेल्या मुलांसाठी वेगळी खुर्ची आणि कन्नड व तेलुगू जाणणारा एक सभासद असलाच पाहिजे. घाबरलेले मूल घरच्याच भाषेत उत्तर देते.

पैसे आणि कागद

उपक्रमासाठी देणगी घेताना पावती जागेवरच द्यावी. देणगीदाराला देणगीवरची आयकर सवलत हवी असेल, तर क्लबच्या न्यासाकडे त्यासाठीची मान्यता आहे का हे आधी तपासावे, आणि दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रक्कम रोखीने दिल्यास सवलत मिळत नाही हे त्यांना सांगावे. व्यापारी मंडळींना हे ऐकायला आवडत नाही. तरी मार्चमध्ये ऐकण्यापेक्षा आधीच ऐकलेले बरे.

प्रत्येक उपक्रमाची एक फाइल असावी. तिच्यात परवानगीची पत्रे आणि पोच, खर्चाची बिले, लाभ घेतलेल्यांची यादी आणि त्या यादीवर फेरतपासणीची खूण एवढे असले की पुरे. फोटो सगळ्यांत मागे लावावेत. जूनच्या अखेरच्या सभेत सचिव बदलतात तेव्हा ही फाइल हातोहात द्यावी आणि अपुऱ्या नोंदी तोंडी वाचून दाखवाव्यात. मी दिली तेव्हा त्या दुपारच्या मोतीबिंदूच्या यादीत सात नावांपुढे खूण नव्हती. नव्या सचिवांनी ती सात नावे आपल्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतली, आणि मग घंटा वाजली.